हरण्याच्या बावीस जागा

मराठी माध्यमात भूमिती शिकलेल्या प्रत्येकाच्या वहीत तीन शब्द एकाखाली एक आलेले असतात: पक्ष, साध्य, सिद्धता. काय दिलंय ते पक्षात, काय दाखवायचंय ते साध्यात, आणि मग सिद्धतेच्या ओळी, प्रत्येक ओळीपुढे कंसात तिचं कारण. ज्या विधानासाठी हा सगळा खटाटोप, त्याचं नाव प्रमेय. भूमिती युक्लिडची, पण शब्द इथले. आणि ते मुळात दुसऱ्याच कामासाठी घडवलेले आहेत. दोन माणसांचं एखाद्या गोष्टीवर पटत नसेल, तर त्यांनी कसं बोलावं म्हणजे शेवटी खरं काय ते हाती लागेल, या कामासाठी.

बोलण्यातही हे शब्द सांडलेले आहेत. संशय, प्रयोजन, सिद्धान्त, तर्क, निर्णय, वाद, प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण. यांतला एखादा तरी शब्द उच्चारल्याशिवाय मराठी माणसाचा दिवस जात नसेल. या सगळ्यांच्या व्याख्या एकाच ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात एकामागून एक दिलेल्या आहेत. हेकट माणसाच्या अंगावर आपण ‘वितंडवाद’ हा जो शब्द टाकतो, त्याचीही व्याख्या तिथेच आहे, आणि तिथे ती शिवी नाही.

ग्रंथ म्हणजे न्यायसूत्रं. कर्ता अक्षपाद गौतम. अक्षपाद म्हणजे पायांना डोळे असलेला. विचारात गढून चालताना हा माणूस विहिरीत पडला, म्हणून देवाने त्याच्या पायांना डोळे दिले, अशी कथा परंपरेत सांगतात. माणसाबद्दल याहून भरवशाचं फारसं काही हाती नाही. आजच्या रूपातला ग्रंथ इसवी सनाच्या पहिल्या दोन-तीन शतकांत सिद्ध झाला असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. अध्याय ५, प्रत्येकाचे २ भाग (त्यांना आह्निक म्हणतात, म्हणजे एका दिवसाचा पाठ), आणि वाचस्पती मिश्र या नंतरच्या टीकाकाराने लावून दिलेल्या पाठात सूत्रं ५२८. त्यावरचं सर्वांत जुनं उपलब्ध भाष्य वात्स्यायनाचं, साधारण ५ व्या शतकातलं. कामसूत्रवाला वात्स्यायन वेगळा. सूत्रं इतकी आखूड आहेत की भाष्याशिवाय त्यांतली निम्मी बोलतच नाहीत, म्हणून पुढे मी सांगतोय त्यातलं बरंचसं वात्स्यायनाच्या तोंडून आलेलं आहे.

पहिलं सूत्र म्हणजे १६ गोष्टींची यादी: प्रमाण, प्रमेय, संशय, प्रयोजन, दृष्टान्त, सिद्धान्त, अवयव, तर्क, निर्णय, वाद, जल्प, वितंडा, हेत्वाभास, छल, जाति आणि निग्रहस्थान. शेवटी म्हटलंय की यांचं खरं स्वरूप कळलं की निःश्रेयस मिळतं, म्हणजे माणसाचं परमकल्याण होतं. हे पुन्हा एकदा वाचावं. सोळांतल्या शेवटच्या सात गोष्टी केवळ वादविवादाच्या आहेत, आणि त्यांतल्या चार तर वाद कसा बिघडतो याच्या. फसवं कारण, शब्दांची लबाडी, पोकळ उत्तर, पराभवाची जागा. हे कळणं मोक्षाच्या वाटेवरचं आहे असं सांगणारं दुसरं शास्त्र मला माहीत नाही. दुसऱ्या सूत्रात त्याचं कारण येतं. दुःखाचं मूळ जन्मात, जन्माचं प्रवृत्तीत, प्रवृत्तीचं राग-द्वेषासारख्या दोषांत, आणि दोषांचं मूळ मिथ्याज्ञानात, म्हणजे गोष्ट आहे त्याहून वेगळी समजण्यात. साखळी तुटायची असेल तर इथून तुटते. म्हणून चुकीचं समजणं नेमकं कुठे घडतं, ते एखाद्या गवंड्याने ओल कुठून येते ते शोधावं तसं शोधत जायचं.

सुरुवात संशयापासून होते. वात्स्यायन म्हणतो, जे मुळीच माहीत नाही त्यावर न्याय, म्हणजे ही युक्तिवादाची पद्धत, चालत नाही, आणि जे ठरून गेलंय त्यावरही चालत नाही. चालतो तो संशय आहे तिथे. तिन्हीसांजेला दूरवर काहीतरी उभं दिसतं. उंची माणसाची, रुंदीही माणसाची. खांब की माणूस? दोघांत सारखं असलेलं तेवढं दिसतंय, वेगळं करणारं दिसत नाही, आणि ते वेगळं करणारं काय ते पाहायची ओढ लागलीय. या तिन्ही गोष्टी असतील तरच त्याला संशय म्हणायचं. ओढ नसेल तर ते नुसतं न कळणं झालं. वाद घालायला बसलेल्या दोघांतल्या एकाला जरी जाणून घ्यायची ओढ नसेल, तर पुढची सगळी यंत्रणा बिनकामाची ठरते, हे ग्रंथाच्या मांडणीतच धरलेलं आहे.

आता ती यंत्रणा. युक्तिवादाचे अवयव ५: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. पुढच्या काळात शाळाशाळांतून रुळलेलं उदाहरण घेऊ. ‘या डोंगरावर आग आहे’ ही प्रतिज्ञा. ‘कारण तिथे धूर आहे’ हा हेतू. ‘जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघर’ हे उदाहरण. ‘हा डोंगरही तसाच, आगीशी बांधलेल्या धुराचा’ हा उपनय. ‘म्हणून या डोंगरावर आग आहे’ हे निगमन. इथे डोंगर हा पक्ष, आग हे साध्य. शाळेच्या वहीत पक्ष म्हणजे ‘दिलेलं’ झालं. मुळात तो म्हणजे जिच्याबद्दल सिद्ध करायचंय ती जागा.

पाच कशाला, तीनात भागेल की, हा प्रश्न जुना आहे. ५ व्या-६ व्या शतकातल्या दिङ्नागासारख्या बौद्ध तार्किकांनी अवयव खरोखरच कमी केले. उलट वात्स्यायनाच्या आधी कुणी १० मोजत होते. त्यांत जिज्ञासा आणि संशयही धरलेले. वात्स्यायनाने ते काढून टाकले, कारण ते बोलणाऱ्याच्या मनात असतात, समोरच्याला पटवणाऱ्या वाक्यात त्यांचं काम नसतं. पाचांबद्दल मात्र त्याने एक फार सुंदर गोष्ट सांगितलीय. ज्ञानाची साधनं, म्हणजे प्रमाणं, ४: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. प्रतिज्ञा ही सुरुवातीला नुसती सांगोवांगी असते, म्हणजे शब्द. हेतू म्हणजे अनुमान. उदाहरण डोळ्यांनी पाहिलेलं, म्हणजे प्रत्यक्ष. ‘हेही तसंच’ म्हणणारा उपनय म्हणजे उपमान. आणि निगमनात चारही एका गोष्टीवर येऊन मिळतात. नीट रचलेल्या एका युक्तिवादात माणसाला जाणण्याच्या जेवढ्या वाटा आहेत तेवढ्या सगळ्या वापरून झालेल्या असतात.

बिघाड बहुतेक वेळा उदाहरणात होतो. दृष्टान्त कशाला म्हणायचं याची अट सूत्रात आहे: ज्या गोष्टीबद्दल सामान्य माणसाचं आणि परीक्षकाचं एकमत आहे तीच गोष्ट दृष्टान्त. चूल पेटली की धूर होतो हे घरातल्या बाईलाही ठाऊक, पंडितालाही. जे उदाहरण ऐकून समोरचा ‘असं कुठे असतं?’ म्हणेल, ते दृष्टान्त होण्याच्या लायकीचंच नाही. वाद रंगात आला की आपण नेमकं हेच विसरतो, आणि ज्यावर भांडण आहे तीच गोष्ट उदाहरण म्हणून पुढे करतो.

दुसरा बिघाड जोडीच्या दिशेचा. धूर असेल तिथे आग असतेच. आग असेल तिथे धूर असेलच असं नाही. लोहाराच्या भट्टीतला लालबुंद लोखंडी गोळा घ्या: आग आहे, धूर नाही. मग ‘आग आहे म्हणून धूर आहे’ हे कधी खरं ठरतं? सरपण ओलं असेल तेव्हा. ही ओल म्हणजे गुपचूप काम करणारी अट. नंतरच्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायाच्या परंपरेतल्या पंडितांनी, तिला उपाधी म्हटलं. दोन गोष्टी पुन्हा पुन्हा बरोबर दिसल्या की त्यांच्यामध्ये कुठे ओलं लाकूड लपलंय का ते आधी पाहायचं. आपल्याकडे या बाबतीत दोन म्हणी सारख्याच तोंडात असतात, आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध टोकांना उभ्या आहेत. एक, शितावरून भाताची परीक्षा. ती लागू पडते, कारण एका पातेल्यातल्या सगळ्या दाण्यांना पाणी तेच आणि आच तीच. जाड बुडाचं पातेलं नसेल, खाली लागलं आणि वर कच्चं राहिलं, तर वरचं एक शीत खोटं बोलतं. दुसरी, कावळा बसायला आणि फांदी तुटायला. पहिलीत दोघांना जोडणारं काहीतरी आहे, दुसरीत नाही. डोळ्यांना मात्र दोन्ही ठिकाणी दोन गोष्टी एकत्रच दिसतात.

या सगळ्यावरचा सगळ्यात जिवंत उतारा दुसऱ्या अध्यायात आहे. पूर्वपक्षी, म्हणजे आक्षेप घेणारा, म्हणतो, अनुमानावर भरवसा ठेवूच नये. नदी फुगलेली पाहून तुम्ही म्हणता वर पाऊस झाला. पण पुढे कुणी बांध घातला तरी नदी फुगते. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या की तुम्ही म्हणता पाऊस येणार. पण त्यांचं वारूळ कुणी मोडलं तरी त्या निघतात. मोराचा आवाज ऐकून तुम्ही म्हणता मोर आहे. पण माणूसही हुबेहूब तसा ओरडू शकतो. तीन उदाहरणं, तिन्ही अचूक. उत्तराचं सूत्र जेमतेम पंधरा-सोळा अक्षरांचं आहे, पण वात्स्यायन त्याचा हात धरून आपल्याला थेट काठावर नेतो. पाणी वाढलं एवढ्यावरून शहाणा माणूस अनुमान करतच नाही, असं तो म्हणतो. तो पाहतो की धार आधीपेक्षा जास्त वेगाने चाललीय, पाण्यावर फेस आहे, फळं, पानं, लाकडं वाहून येतायत. बांधाने अडलेलं पाणी चढतं, पण ते असं धावत नाही, आणि रानातला केरकचरा घेऊन येत नाही. मुंग्यांचंही तसंच: चार मुंग्या निघाल्या तर ते अनुमान नव्हे, मुंग्यांची रांगच्या रांग हलली पाहिजे. आणि मोराचा खरा आवाज कोणता ते सापाला बरोबर कळतं. नकलेला फसतो तो माणूस.

मग तो एक वाक्य टाकतो: ‘सोऽयमनुमातुरपराधो नानुमानस्य’. हा अपराध अनुमान करणाऱ्याचा आहे, अनुमानाचा नव्हे. विशिष्ट खूण पाहून जे ठरवायचं ते त्याने ढोबळ खूण पाहून ठरवलं. नदीकाठी राहिलेल्या कुणालाही हा उतारा लगेच पटेल. आषाढात पाण्याचा रंग बदलला आणि ओंडके यायला लागले की काठावरची माणसं गुरं सोडून वर आणतात. नुसत्या चढलेल्या पाण्याकडे ती वेगळ्या नजरेने पाहतात.

कारणासारखं दिसतं पण कारण नसतं, त्याला हेत्वाभास म्हणतात. ते ५. सव्यभिचार म्हणजे दोन्हीकडे जाणारा, विरुद्ध म्हणजे स्वतःच्याच सिद्धान्तावर उलटणारा, प्रकरणसम म्हणजे ज्याने प्रश्न होता तिथेच राहतो तो, आणि कालातीत म्हणजे वेळ टळून गेल्यावर दिलेला. पाचव्यापाशी मला थांबावंसं वाटतं. त्याचं नाव साध्यसम. साध्याइतकाच जो स्वतः सिद्ध व्हायचाय असा हेतू. वात्स्यायनाचं उदाहरण सावलीचं आहे. कुणी म्हणतो, सावली हा एक पदार्थ आहे, कारण ती चालते. वात्स्यायन विचारतो, सावली चालते हे कुठे ठरलंय? माणूस चालतो तशी ती चालते, की प्रकाश अडवणारा माणूस पुढे सरकतो, आणि प्रकाश नसलेली जागा फक्त बदलत जाते? भर दुपारी अंगणात उभं राहून आपल्याच सावलीकडे पाहावं. चालताना दिसते खरी, आणि प्रश्न मिटत नाही. इतकं डोळ्यांना दिसणारं कारणही अजून सिद्ध व्हायचं असू शकतं.

वादविवादाचे प्रकार ३: वाद, जल्प आणि वितंडा. वादात दोघंही आपापला पक्ष घेतात, प्रमाणांनी आणि तर्काने साधतात, पाचही अवयव मांडतात, आणि हेतू एकच, खरं काय ते ठरणं. जल्पात रचना तीच, पण जिंकायचं असतं, म्हणून छल, जाति, निग्रहस्थान ही हत्यारंही चालतात. जल्पातून स्वतःचा पक्ष मांडणं काढून टाकलं की उरते ती वितंडा: समोरच्याचं खोडायचं, आपलं काही ठेवायचं नाही. जाति हा शब्द इथे आपल्या नेहमीच्या अर्थाने नाही. नुसत्या वरवरच्या साम्यावर किंवा फरकावर उभं केलेलं पोकळ उत्तर म्हणजे जाति, आणि तिचे प्रकार मोजलेत २४. छल ३. ‘नवकम्बल’ म्हटल्यावर ‘याच्याकडे नऊ कांबळी कुठायत, एकच तर आहे’ म्हणणं हा वाक्छल, कारण नव म्हणजे नवंही आणि नऊही. तिसरा, उपचारछल, रानातला आहे. राखणीला मचाणावर बसलेली माणसं ओरडतात तेव्हा ‘मचाणं ओरडतायत’ असं म्हणायची रीत होती. त्यावर ‘लाकूड कधी ओरडतं का?’ असं विचारायचं. ‘सगळं गाव जत्रेला लोटलं’ म्हटल्यावर ‘घरंदारंसुद्धा का?’ असं विचारणारा माणूस आपल्या ओळखीचा असतोच. तो नेमका काय करतोय याला दोन हजार वर्षांपूर्वी नाव देऊन ठेवलेलं आहे, आणि नाव ठाऊक असलं की माणूस गोंधळत नाही.

मग ही हत्यारं शास्त्रात ठेवली कशाला? चौथ्या अध्यायाच्या शेवटी उत्तर आहे, आणि ते शेतकऱ्याच्या भाषेत आहे. बी रुजून कोंब वर आला की त्याच्या राखणीला काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात, तसे तत्त्वाच्या निश्चयाच्या राखणीला जल्प आणि वितंडा. बोराट्या ओढून आणताना ज्याचे हात सोललेत त्याला यातला प्रत्येक शब्द कळेल. कुंपण पीक देत नाही. ते गुरांसाठी असतं. पण कोंब दोन पानांचा असताना ते नसेल तर एका रात्रीत वाफा साफ होतो. नुकताच कुठे विचार करायला लागलेला माणूस एखाद्या तयार बोलघेवड्यापुढे सापडला तर त्याचं असंच होतं. बोलघेवड्याचं खरं असतं म्हणून नव्हे, याला अजून मुळं धरायची असतात म्हणून.

शेवटचा अध्याय उरला, आणि माझ्या मते ग्रंथाचं खरं काळीज तिथे आहे. निग्रहस्थानं, २२. निग्रह म्हणजे पकड. जिथे माणूस पकडला गेला आणि हरला असं मानायचं, त्या जागा. यांच्याकडे सहसा कुणी प्रेमाने पाहत नाही. अभ्यासक्रमात असलेच तर पाठ करून सोडून देतात. पण ज्या वादाला हरण्याची जागा ठरलेली नाही तो संपतच नाही, आवाज बसेपर्यंत चालतो. इथे कुणीतरी बसून शांतपणे ठरवलंय की माणूस हरला हे कशावरून ओळखायचं. पंचांनी, सभेने आणि मुख्य म्हणजे त्याने स्वतः.

त्यांतल्या काही जागा जवळून पाहण्यासारख्या आहेत. प्रतिज्ञाहानि: ‘शब्द अनित्य आहे, कारण तो इंद्रियांना कळतो, जसा घट’ असं एक म्हणतो. दुसरा दाखवतो की इंद्रियांना कळणाऱ्या काही गोष्टी नित्यही असतात. पहिला म्हणतो, ‘मग घटही नित्य असू दे.’ झालं, स्वतःच्या उदाहरणाबरोबर स्वतःची प्रतिज्ञाही त्याने सोडली. प्रतिज्ञासंन्यास याच्याही पुढचा: अडचणीत आल्यावर तो म्हणतो, ‘शब्द अनित्य आहे असं म्हटलंच कुणी?’ हेत्वन्तर म्हणजे कारण उघडं पडल्यावर त्याला मागाहून नवं विशेषण चिकटवणं. अर्थान्तरात माणूस हेतू सांगता सांगता ‘हेतु’ हा शब्द कोणत्या धातूपासून आला, प्रत्यय कोणता, पदं किती प्रकारची, यात शिरतो आणि परत येत नाही. निरर्थकाचं भाष्यातलं उदाहरण म्हणजे ‘कचटतप’ अशी नुसती अक्षरं. अपार्थकाचं, एकमेकांशी संबंध नसलेले शब्द: दहा डाळिंबं, सहा अपूप (एक पक्वान्न). अविज्ञातार्थ म्हणजे तीनदा सांगूनही सभेला आणि प्रतिवाद्याला न कळलेलं बोलणं. कळत नाही, कारण बोलणाऱ्याने दुहेरी अर्थाचे किंवा कुणी न वापरलेले शब्द घेतले, किंवा फार भरभर म्हटलं, आणि वात्स्यायन स्पष्ट सांगतो की आपला दुबळेपणा झाकायलाच तो असं करतो. ऐकणाऱ्याला कळलं नाही याचा दोष इथे बोलणाऱ्याच्या खात्यावर जातो. जड मराठी लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही जागा भिंतीवर लिहून ठेवावी.

अननुभाषण ऐकणाऱ्याच्या बाजूचं. तीनदा सांगितलेलं, सभेलाही कळलेलं, पण प्रतिवादी ते आपल्या तोंडाने परत म्हणून दाखवू शकत नाही. तो हरला. जे खोडायचंय ते आधी नीट उच्चारता आलं पाहिजे. मतानुज्ञा म्हणजे ‘तुझ्यात हा दोष आहे’ म्हटल्यावर ‘तुझ्यातही आहे’ म्हणणं. असं म्हणताना आपल्यातला दोष आपण कबूल केला, हे त्याच्या लक्षात येत नाही. विक्षेप: ‘मला जरा काम आहे, ते उरकून आलो की बोलतो’ म्हणून उठून जाणं.

आणि एक जागा विलक्षण आहे, पर्यनुयोज्योपेक्षण. समोरचा निग्रहस्थानात आला, म्हणजे हरण्याच्या जागी उभा आहे, आणि तुम्ही ते दाखवून दिलंच नाही. मग हरलात तुम्ही. पण हे सांगणार कोण? हरलेला स्वतः कसा सांगेल? वात्स्यायन म्हणतो, पराभव झालेला माणूस आपली लंगोटी स्वतःच्या हाताने सोडून दाखवणार नाही. म्हणून ‘कोण हरलं?’ असं विचारल्यावर हे सभेने सांगायचं. याच्या लगेच पुढची जागा बरोबर उलट: जिथे दोष नाही तिथे दोष लावला तर तोही पराभवच. चूक दिसली तर सोडायची नाही, नसेल तर उकरून काढायची नाही.

सभेचा विचार वैद्यांनी जास्त रोखठोक केला. चरकसंहितेच्या विमानस्थानात, ८ व्या अध्यायात, वैद्याने वैद्याशी कसं बोलावं ते सांगितलंय. बोलणं दोन तऱ्हेचं, सलोख्याचं आणि झगड्याचं. प्रतिस्पर्धी आपल्याहून वरचा, खालचा की बरोबरीचा ते आधी पाहायचं. सभा जाणती आहे की अडाणी, मित्रभावाची, तटस्थ की आधीच मन बनवून बसलेली, तेही पाहायचं. झगड्याच्या बोलण्यात चरक डावपेच उघड सांगतो: ज्याचं पाठांतर कच्चं त्याच्यावर लांबलचक सूत्रपाठ सोडून द्यावा. सलोख्याच्या बोलण्यासाठी मात्र त्याची सूचना वेगळीच आहे. हरण्याच्या भीतीने घाबरू नये, हरवलं तर आनंदाने फुलून जाऊ नये, आणि चार लोकांत त्याची बढाई मारू नये. पाली भाषेतल्या मिलिंदपञ्हात राजा मिलिंद वादाला बसतो तेव्हा नागसेन आधी विचारून घेतो, पंडितांसारखा वाद करणार की राजांसारखा? पंडितांच्या वादात गुंडाळणं, उलगडणं, खोडणं, दुरुस्ती सगळं होतं आणि कुणी रागावत नाही. राजे एक म्हणणं मांडतात, आणि जो कबूल करणार नाही त्याला शिक्षा फर्मावतात. मिलिंद म्हणतो, पंडितांसारखा. हा मिलिंद म्हणजे इसवी सनापूर्वी २ ऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर.

या सगळ्या रचनेला सर्वांत मोठं आव्हान दिलं नागार्जुन या बौद्ध तत्त्वज्ञाने. विग्रहव्यावर्तनी या आपल्या ग्रंथाच्या २९ व्या कारिकेत, म्हणजे श्लोकात, तो म्हणतो, माझी काही प्रतिज्ञा असती तर हा दोष माझ्यावर आला असता; माझी प्रतिज्ञाच नाही, म्हणून दोषही नाही. पकडायला जागाच शिल्लक ठेवली नाही. नैयायिकांच्या नजरेत ही वितंडा, आणि वात्स्यायन वैतंडिकाला कोंडीत धरतो: तुझं म्हणणं काय ते सांग. सांगितलंस तर तू वैतंडिक राहिला नाहीस, आणि काहीच नाही म्हणालास तर तू ना सामान्य माणूस, ना परीक्षक. नागार्जुनाला एवढ्याने झटकता येत नाही हे मला मान्य आहे. त्याचा खरा प्रश्न खोल आहे: प्रमाणांनी सगळं सिद्ध होतं, तर प्रमाणं कशाने सिद्ध होतात? न्यायसूत्रातलं उत्तर तराजूचं आहे. तराजू सोनं तोलतो. पण तराजूबद्दलच शंका आली, तर वजन ठाऊक असलेलं सोनं टाकून तराजू तपासतात. एकच वस्तू एका वेळी मोजणारी, दुसऱ्या वेळी मोजली जाणारी. सराफ कट्ट्यावर हे रोज चालतं, आणि त्याने व्यवहार अडत नाही. हे उत्तर नागार्जुनाला पुरतं का, यावर पुढे कित्येक शतकं वाद चालला. चालला, कारण दोघांकडेही एकमेकांचं म्हणणं अचूक परत म्हणून दाखवण्याची शिस्त होती.

शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरीच्या आरंभी गणपती उभा करताना ज्ञानदेवांनी सहा दर्शनांचे सहा हात केले, आणि त्यांचं आपसांत पटत नाही म्हणून हातांत आयुधं दिली. ‘तरी तर्कु तोचि फरशु’. न्यायाच्या हाती कुऱ्हाड. एका हातात मोडलेला दात, तो वार्तिकांनी, म्हणजे टीकाग्रंथांनी, खंडन केलेल्या बौद्धमताची खूण. आणि जो दात सोंडेपाशी अखंड आहे, त्याबद्दल ते म्हणतात: ‘तरी संवादु तोचि दशनु । जो समता शुभ्रवर्णु’. कुऱ्हाड हातात आहे, तोंडाजवळ मात्र पांढराशुभ्र संवाद.

न्यायसूत्रांतही तो आहे. काट्यांच्या कुंपणाच्या जरा आधी, वाद कुणाशी करावा याची यादी येते: शिष्य, गुरू, सहाध्यायी, जाणकार आणि स्वतःचं भलं शोधणारा. अट एकच, त्यांच्या मनात असूया नसावी. अशा वादात बावीसांतली किती निग्रहस्थानं लावायची? वात्स्यायन वादाच्या व्याख्येतला शब्द न् शब्द तपासून ठरवतो. हेत्वाभास, म्हणजे कारणच फसवं निघालं. न्यून, म्हणजे पाचांतला एखादा अवयव राहून गेला. अधिक, म्हणजे एका कारणाने भागत असताना आणखी कारणांची भर घातली. एवढीच. उत्तर न सुचणं, म्हणजे अप्रतिभा, या यादीत नाही. मध्येच उठून जावं लागणं, विक्षेप, तोही नाही. सहाध्यायी गप्प राहिला तर तो हरला असं धरायचं नाही. उद्या पाठाला आला की पुन्हा विचारायचं.